तेंडोलकरबाईंना किल्ली देताना

पडदे नंतर घ्या.
आधी चप्पल काढून आत जा, दार लावा
आणि नुसता वास घ्या.
ओल डोळ्यांना फसवते, नाकाला नाही.
पलंगाखालच्या प्लायवूडवर अंगठा दाबा.
दबला, तर तिथे पाणी येऊन बसतं.
पण भोक त्याच्या बरोबर वर शोधू नका :
पाणी शिरतं एका जागी
आणि कबूल होतं दुसऱ्या.

तुम्ही भूमी-अभिलेखात होता ना, बाई?
मग हिचा सातबारा ऐका.
अठ्ठ्याण्णवची. आधी दातांचा फिरता दवाखाना,
सत्तरीच्या गावागावांत दाढा काढत हिंडली.
छताला तो हूक आहे ना, तिथे दिवा टांगायचे.
मग एक डच आला. त्याने ओटा बसवला, बेसिन बसवलं
आणि तारा ओढल्या सगळ्या एकाच रंगाच्या.
त्याला मी अजून शिव्या घालतो.
मग पुण्याचं एक जोडपं.
त्यांनी आधी पडदे आणले.
आठ महिन्यांत गाडी विकायला काढली;
पडदे ती घेऊन गेली.

टायरची नक्षी बघून हुरळू नका.
कडेला चार आकडे आहेत, आठवडा आणि साल, ते वाचा.
न धावतासुद्धा रबर म्हातारं होतं,
हे तुम्हाला मी काय सांगणार,
तुम्ही बत्तीस वर्षं एका खुर्चीत होता.
हसताय? बरं झालं.
हसणाऱ्या माणसाला ही गाडी कमी त्रास देते.

गॅसच्या नळीला साबणाचा फेस लावून बघा.
बुडबुडा आला तर कॉक बंद, खिडक्या उघड्या, मला फोन.
काडी ओढून बघणारा एक कोरगावचा होता,
त्याच्या भुवया अजून नीट आलेल्या नाहीत.

उंची नऊ फूट आठ इंच.
कागदावर लिहून काचेला चिकटवा.
वाड्यावरचे फणस, वीजखात्याच्या तारा,
चवथीचा मंडप, फेस्ताच्या माळा,
कोणीही तुमच्यासाठी वर होणार नाही.

फेरीबोटीत ओहोटीला चढू नका.
तेव्हा धक्क्याचा उतार खोल जातो
आणि हिचं लांब शेपूट सिमेंटवर खरवडतं.
भरती येऊ दे. धक्क्यावर मिरचीभजी मिळते,
दोन प्लेटी होईस्तोवर पाणी चढतं.

चोर्ल्याला ज्या गिअरात चढाल, त्याच गिअरात उतरा.
मागचे हॉर्न मारतील. मारू देत.
त्यांना बेळगावला पोचायचंय किंवा पणजीला,
तुमचं घर तुमच्याबरोबर आहे.

आणि समुद्र लांबून बघा, बाय.
रेतीत चाक घातलंत की ट्रॅक्टरवाला आलाच,
तो माडाखाली बसून तुमचीच वाट बघत असतो.
किनाऱ्यावरून आलात की गोड्या पाण्याने धुवा,
आधी पोट, मग तोंड.
मीठ खालून खातं.

सगळे पैसे हिच्यात ओतू नका.
जेवढ्याला घेतलीत त्याचा तिसरा हिस्सा
बँकेत राहू दे. तो माझा आहे,
फक्त मला अजून ठाऊक नाही कशासाठी.

पहिल्या तीन रात्री कुठेच जाऊ नका.
इथेच, मोरजीत, गॅरेजमागच्या काजूखाली झोपा.
जमिनीवर एक लिंबू ठेवा;
जिकडे घरंगळेल तिकडच्या चाकाखाली फळी सरकवा.
मध्यरात्री पंप आपोआप घुरघुरेल.
घाबरू नका, कुठलातरी नळ ठिबकतोय.
काय बिघडायचं ते इथे बिघडू दे,
हाकेवर मी आहे,
सकाळी कुंदा पेज आणून देईल.

अजून एक. हे लपवून विकणार नाही.
डावीकडे वळताना हॉर्न वाजतो.
नेहमी नाही. कधीतरी.
चार वेळा सगळं उघडलं, तारा मोजल्या,
सापडलं नाही.

कोणी वळून बघितलं
तर हात करा.