कंदील

पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही.
झाकण सरकवायचं, कोंडलेली हवा जाऊ द्यायची,
मग दोरीला बांधून कंदील सोडायचा.
विझला, तर माणूस उतरायचा नाही.
माझे वडील हरिपुरात हळदीच्या पेवांवर हमाल होते.
एवढंच शिकवलं त्यांनी,
बाकी कॉम्प्युटरचं मी सांगलीतच शिकले.

आमची पतसंस्था गणपती पेठेत.
सर्व्हर तळमजल्यावर, तिजोरीच्या मागं;
भिंतीवर छातीएवढ्या उंचीला पुराची रेघ.
पुण्याच्या कंपनीनं अठरा महिन्यांचा आराखडा दिलेला,
स्पायरल बायंडिंग, वर पारदर्शक कव्हर.
त्यातला पहिला महिना अजून यायचाय.

म्हणून आता पंधरवडा.
पंधरा दिवसांत उचलेल एवढंच ओझं.
हमालाला हे कुणी शिकवावं लागत नाही.
फळ्यावर तीन रकाने: करायचं, चालू, झालं.
पिवळ्या चिठ्ठ्या कूलरच्या वाऱ्यानं उडायच्या,
नसीम तांबोळीनं त्यांना टाचण्या मारल्या.

रोज पावणेदहाला, काउंटर उघडायच्या आधी,
उभ्यानंच.
बसलं की चहा येतो, चहा आला की राजकारण येतं.
काल काय केलं, आज काय करणार,
कुठं अडलंय?

बिरनाळे साहेबांना ही हजेरीच वाटायची.
मगदूम अण्णा,
तेवीस वर्षं सर्व्हरच्या खोलीची किल्ली कमरेला,
रोज एकच वाक्य: "माझं काही अडलं न्हाई."
त्यांची चिठ्ठी, सर्व्हर वरच्या मजल्यावर नेणे,
तिसऱ्या पंधरवड्यातही चालूमध्येच.
टाचणीला गंज धरलेला.

मंगळवार होता. आयर्विन पुलाखाली पाणी चढत होतं.
नसीम म्हणाली, वर केबल पोचली.
माझंही सांगून झालं.
अण्णा बोटाभोवती किल्ली फिरवत राहिले.
"अडलंय," म्हणाले. "माझंच.
बॅकअप घेतला म्हणून वहीत रोज सही करतोय मी.
उघडून कधी बघितला नव्हता, परवा बघितला.
दोन वर्षांचं काहीच न्हाई त्यात."

साहेबांनी तोंड उघडलं.
माझा हात वर गेला, कसा कुणास ठाऊक,
वडील पेवाच्या तोंडाशी करायचे तसा:
थांबा,
जरा हवा जाऊ द्या.

मग ती चिठ्ठी फाडली आणि तीन लिहिल्या.
आज कॉपी काढणे.
दुसऱ्या मशीनवर ती उघडून बघणे.
मगच हलवणे.
मधलीवर अण्णांचं नाव घातलं,
त्यांनी शेजारी माझं घालायला लावलं.

रात्री अकराला पडद्यावर पहिलं खातं उमटलं,
हौसाबाई सनदी, शिल्लक चारशे बारा.
"बरोबर हाय," अण्णा म्हणाले,
"दर सोमवारी येती ही बाई,"
आणि चष्मा पुसत बसले बराच वेळ.

पाणी त्या वर्षी पेठेत आलंच नाही.
सर्व्हर मात्र निघाला.
शुक्रवारी पावणेदहाला साहेबांनीच विचारलं,
कुठं अडलंय?
वरून अण्णांचा आवाज आला,
"जिन्याच्या वळणावर! दोघंजण या."