हरलेल्याकडून जिंकलेल्याकडे

शिवलिंग जंगमांनी सव्वीस वर्षं मैदानांचं निवेदन केलं
आणि रात्री घरी येऊन प्रत्येक कुस्ती वहीत उतरवली:
कोण, कुणाशी, कुठल्या डावावर.
लेंगरे, भाळवणी, खरसुंडी, मायणी.
त्यांच्या सुनेनं वह्या बाजाराच्या पिशवीतून दिल्या,
म्हणाली, वाळवी लागायच्या आत बघा काय ते.

विट्याच्या कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवते.
दिवाळीची सुट्टी नावं टाइप करण्यात गेली.

रीत साधी.
पैलवान म्हणजे एक ठिपका,
कुस्ती म्हणजे एक बाण,
हरलेल्याकडून जिंकलेल्याकडे.
पाठ टेकली की माणूस आपलं वजन
दुसऱ्याच्या खात्यावर भरतो.
किती जणांना पाडलंस, एवढ्यानं भागत नाही;
ज्यांना पाडलंस, त्यांनी कुणाला पाडलं होतं?
तालमीत हे सगळ्यांना ठाऊक असतं,
फक्त तिथं त्याला मॅट्रिक्स म्हणत नाहीत.

बरोबरीत सोडवलेल्यांना दोन टोकांचा बाण काढला.
जिथं जंगमांनी लिहिलंय ‘पंच फितूर’
तिथं बराच वेळ काहीच काढलं नाही.

सर्जेराव खिलारे पहिला. येणारच होता.
दुसरा कुणी झऱ्याचा धुळदेव मदने,
सगळ्या वह्यांत मिळून तीन कुस्त्या,
तिसरीत सर्जेराव घिस्सा डावावर चीत,
आणि पुढं नावच नाही.
मेंढरं घेऊन कोकणात उतरला, म्हणतात.

माझे वडील, हिंदुराव,
तीनशे बारांत एकशे अडतिसावे.
जेवताना सांगितलं.
म्हणाले, भाकरी वाढ.

रात्री सहज एकेक ठिपका पुसून बघत होते.
सर्जेराव पुसला. जाळं हललं, पण टिकलं.
वडील पुसले
आणि पडद्यावर दोन तुकडे झाले.
इकडं खानापूर-आटपाडी,
तिकडं माण-खटाव,
मध्ये एक बाण नाही.

तेव्हा दोन्हीकडच्या वस्तादांचं वाकडं,
मैदानं वाटून घेतलेली.
हे मात्र शेवटच्या एसटीनं मायणीला जायचे,
पन्नास रुपयांच्या जोडीला, कधी नुसत्या नारळाला,
बहुतेक वेळा पडायचे
आणि कानात तिकडची माती घेऊन परत यायचे.

‘कशाला जायचात?’
त्यांनी फुटलेला कान खाजवला.
‘इकडच्यांचे डाव पाठ झालेले गं.’

यासाठी वेगळं सूत्र असतं. अजून लावलेलं नाही.
ठिपका परत जागेवर ठेवला
आणि बोटानं जरासा ओढून पाहिला:
चारही तालुके
मागोमाग सरकत आले.