दाभणाचा टाका

मला सुई धरता येत नाही. दाभण येतं.
तीस वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात
फाटक्या गोण्यांची तोंडं शिवली:
सुतळी, चार ढांगा टाके, गाठ, की घे पाठीवर.
वाकळ शिवणं हे अक्काचं काम.
आमच्या कोपरखैरण्याच्या वसाहतीत
ज्या ज्या घरात पाळणा हलला
तिथं तिची वाकळ पोचली, बारशाच्या आधी.

आता अक्का खारघरला, चौथ्या मजल्यावर,
एसीच्या बरोबर खाली.
फोनवर म्हणाली, "थंडी भरलीया रं अंगात.
हितलं ब्लँकेट वजनाला लागत नाही."
वजनाला.
बाकी रिपोर्टातलं काही कळत नाही, हा शब्द कळला.

सुट्टीच्या दिवशी तिची ट्रंक काढली.
आईचं हिरवं लुगडं, पदराकडं विरलेलं.
दाजींचा खाकी सदरा, उजव्या खांद्यावर पातळ
(आमचे सगळ्यांचे सदरे तिथंच जातात).
अपेक्षाचा शाळेचा झगा.
आणि तळाशी एक जांभळं पातळ,
अक्कानं कधी न नेसलेलं,
घडीवर किमतीची चिठ्ठी तशीच.
कापावं की नको, यात संध्याकाळ गेली.
नाही कापलं. अख्खंच घातलं मधल्या थराला.

फरशीवर पसरून कोपऱ्यांना वजनं ठेवली:
पाटा, वरवंटा, पाच किलोचं माप,
चौथ्या कोपऱ्यावर अपेक्षा, मोबाईल बघत.
कडेनं सुरू करायचं, फिरत फिरत मधे यायचं,
एवढं बघून माहीत होतं.
मधे यायला अकरा रात्री लागल्या.
टाके मात्र गोणीचेच. लांब, तिरके, ओढून बसवलेले.
बाजारात लक्षू सपकाळ माझी बोटं बघून म्हणाला,
"कुणाला पॅक करतोयस?"
दोघंही हसलो.
मग दोघांनीही मान खाली घातली.

सिस्टर म्हणाल्या, जुनं कापड असं चालणार नाही,
पेशी कमी आहेत, उकळून आणा.
उकळली. लुगड्याचा हिरवा सुटला, खाकीवर चढला.
पिळून गच्चीवर नेताना दोनदा टेकलो,
पाणी पिऊन बसली होती नुसती.

अक्कानं पांघरली. बोलली नाही.
डाव्या हाताला सलाईन,
उजवा हात कडेवरून फिरला,
एका टाक्यापाशी थांबला, मग दुसऱ्यापाशी.
"हे काय रं? पायाचा अंगठा अडकंल ह्यात."
आणि नखानं दोरा उचलून
उसवायलाच घेतलं तिनं.

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.
अकरा रात्री.

दुसऱ्या दिवशी एक अख्खी ओळ उसवलेली,
दोरा उशीखाली गुंडाळून ठेवलेला.
"टाकू नगंस, चांगला हाय."
तिसऱ्या दिवशी तिनं अर्धी पोळी खाल्ली.
चौथ्या दिवशी ताप. वाकळ पायाशी, घडी करून.
पाचव्या दिवशी कड पुन्हा हातात,
आणि उसवल्या जागेतून तिला जांभळं दिसलं.
बोट आत घालून चाचपलं,
कुठवर आहे ते बघितलं.
"अख्खं घातलंस?"
"अख्खं."
"येडा हायस."
मग बराच वेळ शेजारच्या रिकाम्या खाटेकडं बघत राहिली.

डॉक्टर आकडे सांगतात. मी मान हलवतो.
आज निघताना अक्कानं सांगितलं:
बारीक सुई आण, नऊ नंबरची,
वाशीला नको, आपल्या बाजारात बोहऱ्याकडं मिळंल,
आणि दोरा पांढरा नको, मळतो.

सुई वर नेऊ देतील का,
गेटवरचा वॉचमन काय म्हणेल, माहीत नाही.
कागदात गुंडाळून वरच्या खिशात ठेवलीय.
एवढीशी. वजनच लागत नाही तिचं.
बसच्या दर थांब्याला
हात लावून बघतो.