वळसा

वेंगुर्ल्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात
नकाशा उलगडायला दोन माणसं लागतात.
एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला लिपिक तुळसकर.
"सावकाश. मधल्या घडीवर हात नको."
मधल्या घडीत बाजारपेठ झिजून गेलीय.
अर्धा मासळीबाजार आणि जकातीची कचेरी
कुणीतरी चिकटपट्टीनं जोडलीय, जराशी तिरकी.

पाठीला मांजरपाट. साल एकोणीसशे नऊ.
एक इंच म्हणजे चाळीस फूट.
काळी रेघ भिंत, तांबडी रेघ हद्द,
आणि बंदराकडे निळा हात फिरवून
मोकळा सोडलेला समुद्र.
त्याला गट नंबर नाही.

मी आलेली वारसनोंदीसाठी.
विरारहून भावाचा तिसरा फोन:
क्षेत्र किती भरतं? नाव कुणाचं लागलंय?

नाव नाहीच लागलेलं.
दुसऱ्याच्या माडबागेत, कोपऱ्यात,
नखाएवढा चौकोन. आत मोडीत काहीतरी.
तुळसकरांनी भिंग धरून लावून दिलं: 'मांगर'.
पणजोबा गिरप माडी काढायचे.
माड बागायतदाराचे, मांगर बागायतदाराचा,
कमरेचा कोयता तेवढा घरचा.

घडी घालायची म्हणून हात फिरवला
तर बोटाखाली टिंबं आली.
मांगराच्या दारातून निघालेली,
भरल्या कळशीतून सांडत गेल्यासारखी,
थेट विहिरीच्या वर्तुळापर्यंत.
"पायवाट ती," तुळसकर म्हणाले.
"मोजणीदार वाट पाडत नाही.
पडलेली दिसली, तर मांडतो."

थेट म्हणाले मी, पण थेट नाही.
विहीर समोर, दोन इंचांवर. ऐंशी फूट.
टिंबं मात्र मध्येच डावीकडे वळतात,
कोऱ्या कागदाला लांब वळसा घालतात
आणि मग विहिरीकडे येतात.
त्या कोऱ्यात काही नाही.
गडगा नाही, झाड नाही, साधं टिंबसुद्धा नाही.

उभादांड्याला आतेला फोन लावला.
नव्वदीची ती, ऐकू कमी येतं.
तीनदा ओरडून विचारलं तेव्हा म्हणाली,
"अगो, थंय बागायतदाराचा खळा.
खळ्याक आमचो पाय लागता नये.
माझी आजी, सत्याबाय,
दोन दोन कळशे घेवन जल्मभर फेरो घाली."

सत्याबाय.
सातबाऱ्यावर नाही, फेरफारात नाही,
पणजोबांच्या मृत्यूच्या दाखल्यावरही 'पत्नी' एवढीच.

अर्जात एक रकाना होता: मिळकतीशी संबंध.
पेन बराच वेळ तिथंच टेकून राहिलं.
शाई फुटून कागदावर एक टिंब उमटलं,
ते तसंच ठेवलं.

नक्कल फी भरली, शिक्का बसला.
भावाला म्हटलं, जमीन काही निघत नाही.
"मग निघालं काय?"
त्याला काय सांगायचं फोनवर.

बाहेर आले आणि आठवलं,
सकाळी रिक्षावाला इथंच हॉर्न वाजवत करवादला होता,
"ह्यो रस्तो वाकडो कोणी केल्यान, देवाक म्हायत."
नगरपरिषदेचा सिमेंटचा रस्ता, दोन्हीकडे गटार,
टिंबांवर टिंब ठेवून गेलेला.
स्कूटर वळते, गॅसचा टेम्पो वळतो,
शाळेची मुलं ओळीनं वळतात.

खळं कधीच गेलं. तिथं औषधाचं दुकान आहे.
मी ठरवलं होतं, सरळ जायचं.
शटर उघडं होतं, आत गिऱ्हाईक होतं,
मागच्या बाजूला दार नव्हतं.

वळले.