तळाचा समास

चॉखे म्हणायचे, माउस म्हणजे साबणाची वडी.
हातातून सटकते,
आणि हात काही स्वच्छ होत नाहीत.
त्यांच्या बोटांचे शेंडे करडे,
एक्केचाळीस वर्षं शिशाचे खिळे उचलून.

लाइपझिग. एक्क्याण्णवचा फेब्रुवारी.
बाहेर तपकिरी कोळशाचा धूर,
आत पश्चिमेकडून आलेले तीन संगणक
आणि बारा जुळारी. त्यांना शिकवायचं मी,
आनेट, वय वर्षं वीस,
सहा आठवड्यांचा कोर्स करून आलेली.

मी सांगायचे, हा फॉन्ट, हा बारा पॉइंट,
हे लीडिंग, हे कर्निंग,
इथे क्लिक केलं की मजकूर दोन्ही कडांना सारखा.
चॉखे मान डोलवायचे
आणि मग स्वतःचे शब्द काढायचे,
कुठल्याच मेन्यूत नसलेले.

भलत्या फॉन्टातलं अक्षर घुसलं, तो कांदेमासा.
एकच शब्द चुकून दोनदा आला आला, ते लग्न.
दोन ओळींमधली जागा: आरपार,
म्हणजे गोळी जाते तशी.
कोरी पांढरी जागा ही चरबी,
तिचे पैसे मिळतात, हात हलवावा लागत नाही.
सबंध पानात एकही चूक नसली तर ती कुमारिका.
"जन्मात चार पाहिल्या," म्हणाले.
परिच्छेदाची शेवटची ओळ
नव्या पानाच्या माथ्यावर एकटीच गेली तर—
इथे त्यांनी आवाज उतरवला—
रांडेचं पोर.
आणि जुळवताना सुटून गेलेला शब्द, तो मुडदा.
"मुडदा दिसत नाही, पोरी.
वाक्य जरा लंगडतं, एवढंच."

एप्रिलात छापखाना बंद व्हायचं ठरलं.
शेवटचं काम आमचंच: सोळा पानी पुस्तिका, एक फर्मा.
सोळाव्या पानावर सगळ्यांची नावं,
वर्णानुक्रमे, तीन स्तंभांत, चौसष्ट-चौसष्ट ओळी.
बांधणी खात्यातल्या आडलरबाई पहिल्या.
शेवटचे चॉखे:
उच्चारताना नुसता च,
लिहिताना झेडपासून चार व्यंजनांची रांग.

पडद्यावर सतरावं पान उगवलं.
माथ्यावर एकच ओळ.
फर्म्यात सतरावं पान नसतं.

मी म्हटलं, लीडिंग किंचित कमी करू.
"ओळींना श्वास लागतो."
मग आकार, अर्धाच पॉइंट?
"आडलरबाईंना हल्ली कमी दिसतं."
मी कॉफी आणायला गेले.

परत आले तर सतरावं पान नाही.
तिन्ही स्तंभ तळाशी एका रेषेत,
जणू कुणी पट्टी लावून उभे केलेत.
चॉखे कोट चढवत होते.
"पाचवी," म्हणाले, आणि गेले.

रात्री प्रूफ वाचताना
नावांवरून बोट फिरवत मी मोजत गेले.
वेतनपत्रकात एकशे त्र्याण्णव.
पानावर एकशे ब्याण्णव,
शेवटचा रोटरीवरचा त्सिमरमान.
तिथे वाक्यच नव्हतं.
लंगडणार काय?

मी त्यांना विचारलं नाही.
तिसरा स्तंभ एका ओळीनं खाली ओढला,
तळाच्या समासात,
आणि सकाळी सहालाच फिल्म पाठवून दिली.

पुस्तिका आल्या तेव्हा शाई अजून वास देत होती.
चॉखेंनी थेट शेवटचं पान उघडलं.
खिशातून पोलादी पट्टी काढली,
चष्मा कपाळावर सरकवला, मोजलं.
"तळाचा समास दहा पॉइंटांनी खाल्लाय."
हो.
"तिसरा स्तंभ लोंबतोय."
हो.
"वाईट दिसतं."
मी काही बोलले नाही.
त्यांनी पान पुन्हा एकदा हातभर लांब धरलं,
मिटलं,
आणि आणखी एक प्रत मागितली,
बायकोसाठी.