पाणी चावतं

एदुविहिस बारिया, वय एकसष्ट,
दर पंधरा दिवसांनी चिलोए बेटावरून
पहाटेच्या फेरीबोटीने खाडी ओलांडते
आणि पुएर्तो मोन्तला माझ्यासमोर येऊन बसते.
सलाइनचे चार तास. माझ्याकडची सात मिनिटं.

"कशा आहात?" मी विचारायचो, स्क्रीनला.
"बरी आहे, डॉक्टर. पाणी चावतं, तेवढंच."
बाहेर जुलै, म्हणजे इथला ऐन हिवाळा.
"हो, यंदा थंडी फारच," मी म्हणायचो
आणि रकान्यात टाकायचो: तक्रार नाही.

तीनदा म्हणाली ती हे.
तीनदा मी हवामानावर बोललो.

चौथ्या खेपेला वादळ. वीज गेली,
जनरेटर फक्त खालच्या मजल्यापुरता.
स्क्रीन काळी, तिच्यात माझाच चेहरा.
करण्यासारखं काही उरलं नाही
म्हणून मी तिच्याकडे पाहिलं.
गप्प बसलो.
"तुम्हाला बरं नाही का?" तिने विचारलं.

मग पिशवीतून मोजा काढला. एकच,
राखाडी लोकरीचा, नातवासाठी.
माझ्या कागदांवरच पसरला.
"पहिल्या सलाइननंतर इथवर विणला."
वीण घट्ट, प्रार्थनेला उभ्या पोरांच्या रांगेसारखी.
"दुसऱ्यानंतर इथवर."
एक टाका निसटलेला. पुढे अजून दोन.
"आणि हे तिसऱ्यानंतरचं."
तिथे माझं बोट आरपार गेलं.

"सुई हातात आहे की नाही, ते बघूनच कळतं.
नळाखाली बटाटे धरले की पाणी चावतं.
सांगितलं होतं मी."

सांगितलं होतं.
मुंग्या, बधिरपणा, गारव्याने बोटांत सणक:
या औषधाचं हे सगळं मला पाठ आहे,
परीक्षेत त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मिळाले होते.
पण पुस्तकातलं पाणी कुणाला चावत नाही.

मात्रा कमी करायचं ठरवायला
दोन मिनिटंही लागली नाहीत.
"आधीच नीट का नाही—" म्हणता म्हणता
मी जीभ चावली.

"हा आता उसवणार?"
"कशाला? पोराला काय कळतंय त्यातलं.
शिवाय पुढच्या वेळी तुम्हाला दाखवायला लागेल."

वीज आली. कर्सर लुकलुकू लागला,
तक्रार या शब्दापुढे.
मी लिहिलं: पाणी चावतं.
संगणकाला ते पटलं नाही,
त्याने खाली लाल रेघ ओढली.

राहू दिली.