बुश

रात्री अडीचला दोन नंबरचा रेचा थांबला.
आवाज म्हणावा असा काही नाही,
ओट्यावरून ताट पडावं तेवढाच.
शालिक लोणारेनं टॉर्च तोंडात धरला,
शाफ्टाखालून तुकडे काढले:
बुश, दोन फाका,
हाताला अजून गरम.

जुना घडीव दांडा आधी वाकतो.
कुरकुरतो, चाल बदलतो,
आठ दिवस सांगत राहतो, बाप्पा, माझं काही खरं नाही.
त्याच्या पोटातले दाणे जाड, रव्यासारखे.
रेटलं की एक सरकतो, शेजाऱ्याला अडतो,
अडून अडून घट्ट होतो,
आणि तेवढ्यात माणसाला पाना शोधायला वेळ मिळतो.

हा भुकटीचा.
कधी वितळलाच नाही.
साच्यात भरून वरून दाबला,
पलीकडच्या तेलघाणीत सरकीची ढेप दाबतात तसा,
मग भट्टीत नुसता तापवला
दाण्याला दाणा धरेपर्यंत.
दाणे मैद्याहून बारीक. म्हणून ताठ.
कंपनीचा पोरगा म्हणाला होता, हा वाकत नाही.
खोटं नव्हता बोलला.

सरकीच्या ढिगाआडून इंदू उईके विचारते,
"तुटला कावून?"
शालिक फाक उजेडात तिरपी करतो.
तुटलेली बाजू करडी, खरबरीत,
गुळाची भेली फोडल्यासारखी.
कडेला एक खळगा, खसखशीएवढा,
जिथं भुकटी भुकटीला भेटलीच नव्हती.
तिथून निघालेली एक तिरपी रेघ, केसाएवढी.
सगळी घसरण तेवढ्या रेघेत.
बाकीचे दाणे जागच्या जागी,
जणू त्यांच्यापर्यंत निरोपच गेला नाही.

"वाकाले शिकलाच नाही थो,"
एवढंच म्हणतो तो,
आणि नव्या बुशाच्या पुडक्याची सुतळी दातानं सोडतो.

पहाटे रेचा सुरू झाला.
कापूस उडाला, भोंगा वाजला,
वडनेरच्या गाड्या फाटकाशी लागल्या.

फाका राहिल्या पत्र्यावर.
जोडून पाहिल्या तर अजून जुळतात,
नखही शिरत नाही मध्ये.
दुपारी ऊन चढलं
तसं त्यांच्या बारीक भोकांतून तेल बाहेर आलं,
थेंब थेंब,
फिरत्या शाफ्टासाठी ठेवलेलं.
इंदूनं ते बोटावर घेतलं
आणि विळ्याच्या खिळ्याला लावलं.